पुढल्या दारानं

"काल त्यो नेसरीचा म्हातारा गेला न्हवं?" हौसाक्कानं विचारलं.

मी तिच्या खाटेशेजारचा पाण्याचा जग भरत होतो. खरं तर ते माझं काम नव्हे. मी 'सोबत'चा व्यवस्थापक. पण सकाळी वॉर्डात एक चक्कर मारून कुणाचा जग भर, कुणाची उशी सारखी कर, असलं काहीतरी केलं की दिवसभर फायलींत डोकं घालायला बरं वाटायचं.

"हो, गेला," मी म्हणालो.

"मागल्या दारानं न्हेला."

 तिची खाट मागच्या अंगणाकडच्या खिडकीला होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"त्येच्या आदी ती हलकर्णीची बाई. ती बी मागनंच. त्येच्या आदी ते मास्तर. इंगवलेसायेब, पुढलं दार मोडलंय काय तुमचं?"

शेजारच्या खाटेवरची बाई खुदकन हसली. मीही हसलो. हसण्यावारी न्यायची मला तीस वर्षांची सवय. गडहिंग्लज डेपोत मी वाहतूक नियंत्रक होतो. गाडी का आली नाही म्हणून अंगावर येणाऱ्या माणसाला चहा पाजून, गोड बोलून पुढच्या गाडीत बसवून देणं यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. भांडण होऊ द्यायचं नाही, मार्ग काढायचा. डॉक्टर हेर्लेकरबाईंनी मला 'सोबत'मध्ये घेतलं तेही या गुणासाठीच, आणि मला त्या गुणाचा भारी अभिमान होता.

"मोडलेलं नाही हो आक्का," मी म्हणालो. "मागं गाडी उभी करायला जागा आहे, म्हणून."

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. पोटात पाणी होऊन ती फुगली होती, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण नजर अशी की समोरच्यानं कॉलरचं बटण चाचपावं.

हौसाक्का मूळची शेजारच्या भडगावची. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालणं हा तिचा धंदा. चाळीस वर्षं ती रोज पहाटे चालत गडहिंग्लजात यायची आणि घरोघरच्या न्हाणीघरात पाय पसरून बसायची. त्या पायांवर पालथी पडून, तिच्या हातचं तेल अंगात जिरवत गावातली निम्मी माणसं मोठी झाली. आमची इमारत ज्या शारदानगरात होती, तिथं तर एक घर तिनं सोडलं नव्हतं. यकृताचा कॅन्सर निघाला तेव्हा बाईंची गाडी दोन महिने तिच्या घरी जात होती. दुखणं गोळ्यांना आवरेना तसं तिला आमच्याकडे आणलं. सोबत भाची होती, शालन. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही.

"मी एक सांगू काय सायेब?" ती म्हणाली. "ह्या शारदानगरात म्या चाळीस वर्सं मागल्या दारानंच आले-गेले. न्हाणी मागं असती, मग मागनंच जायाचं. त्येचं कायबी न्हाई. कुनी पुढनं ये म्हनलं न्हाई, म्या बी इचारलं न्हाई. पर आता मला पुढल्या दारानं न्या."

"अहो, आत्ताच कुठं जायच्या गोष्टी..."

"त्ये ऱ्हाऊ द्या. बाईंनी सांगितलंय मला सगळं. तुमी शबूद द्या."

मी शब्द दिला. जग खाली ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "दिला शब्द. पुढल्या दारानं."

ती एवढी खूश झाली की संध्याकाळी शालन आली तेव्हा तिला पहिली हीच बातमी. "गौराक्काला सांग जा. सायबानं शबूद दिलाय म्हनावं." गौराक्का म्हणजे तिची थोरली बहीण, शालनची आई. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी बसलेली. तिला भडगावातनं हलता येत नव्हतं.

शब्द देऊन मी ऑफिसात येऊन बसलो आणि मला घाम फुटला. कारण पुढल्या दाराची गोष्ट तिला वाटत होती तेवढी सोपी नव्हती, आणि ती अवघड करून ठेवणारा दुसरा तिसरा कुणी नसून मीच होतो.

'सोबत' सुरू झालं ते बाईंच्या जुन्या दवाखान्यामागच्या एका खोलीत, तीन खाटांवर. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही अशा माणसांचं दुखणं निदान सुसह्य करायचं, अंग पुसायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना कूस बदलायला शिकवायचं, एवढंच काम. लोक पाठीमागं 'मरायचा दवाखाना' म्हणायचे. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं, बाई मात्र हसायच्या. हळूहळू गाडी आली, गाडी आजऱ्यापर्यंत जायला लागली, हवेच्या गाद्या लोकांना वापरायला घरी देऊ लागलो. माणूस गेल्यावर पंधराव्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी त्या घरी जाऊन बसून यायचं, हा बाईंचा नियम. खोली पुरेना तशी शारदानगरात जागा मिळाली, आणि बारा खाटांची इमारत उभी राहायला लागली.

पाया भरला आणि शारदानगर उठलं. त्यांचे अध्यक्ष देशिंगकर, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांचं घर आमच्या फाटकाच्या बरोब्बर समोर. "रोज सकाळी दार उघडलं की तिरडी बघायची का आम्ही?" असं ते भर सभेत म्हणाले. आणखी कुणी मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणालं, कुणी घरांच्या किमतींचं बोललं. बाई रागानं लालबुंद झाल्या. त्या काही बोलायच्या आत मी उठलो. मार्ग काढणारा मी. म्हणालो, "इमारतीला मागचं दार आहे, ओढ्याकडच्या गल्लीत उघडतं. आमचं कुणी गेलं तर तिकडनं नेऊ. पुढं तुम्हाला काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. लिहून देतो."

आणि खरंच लिहून दिलं. तीन ओळींचं पत्र, खाली माझी सही. लोक खूश होऊन घरी गेले. बाईंनी पत्राची प्रत दोनदा वाचली.

"इंगवले, तुम्हाला हे बरं वाटतंय?"

"बाई, इमारत उभी राहतेय ना?" मी म्हणालो.

 चार वर्षं मी ते पत्र डोळ्यांत तेल घालून पाळलं. माणूस गेला की वॉर्डातून उजवीकडे, स्वयंपाकघरावरून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून मागच्या गल्लीत. एकदाही चूक होऊ दिली नाही.

आता हौसाक्काला दिलेला शब्द पाळायचा तर देशिंगकरांना विचारायला हवं होतं. चार पावलांवर घर. दोन दिवस आज जातो, उद्या जातो करत तिसऱ्या दिवशी गेलो, तर त्यांच्या दारात मांडवाचे खांब पुरले जात होते. त्यांच्या अनघाचं लग्न होतं, सहा दिवसांवर. मांडव रस्ता व्यापून थेट आमच्या फाटकापर्यंत आलेला.

"या या इंगवले! पत्रिका द्यायला मीच येणार होतो," देशिंगकर म्हणाले. जुनी कुरबुर त्यांच्या बोलण्यात कुठं नव्हती. चहा आला, चिवडा आला. "आमच्या मांडवाचा तुमच्या लोकांना त्रास नाही ना? गाणी हळू लावायला सांगितलीयत."

आता मी काय बोलणार? ज्या घरात मांडव पडतोय तिथं बसून मयताची वाट मागायची? माझ्या जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

निघताना देशिंगकरवहिनी मागनं फाटकापर्यंत आल्या. "हौसाक्का तुमच्याकडे आहे म्हणे. दूधवाल्यानं सांगितलं. कशी आहे हो?"

"ठीक आहे," मी म्हणालो. पेशंटचं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा आणखी एक नियम. तो अशा वेळी मला फार सोयीचा पडायचा.

"अनघाला तिनंच न्हाऊ घातलंय. पहिल्या दिवसापासून. मी उद्या येऊन जाते जरा."

"वहिनी, लग्नघरातून आमच्याकडे कशाला येताय? पाहुणे काय म्हणतील? लग्न होऊ द्या, मग निवांत या."

त्या जरा घुटमळल्या. "तोवर आहे ना ती?"

"आहे की," मी म्हणालो.

मी हे कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला आजही कळत नाही. त्या आल्या असत्या तर हौसाक्का त्यांच्यासमोर दाराचा विषय काढील, या भीतीनं म्हणालो असेन. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सव्वादहाला हौसाक्का गेली. शालन जवळ होती. फार त्रास झाला नाही. शालननं आणि सिस्टर जयमालानं तिला शेवटची अंघोळ घातली, हिरव्या काठांचं धुतलेलं लुगडं नेसवलं. बाहेर सनई संपून बँड सुरू झाला होता. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी पुढच्या दाराच्या काचेतून पाहिलं. आमच्या फाटकासमोर रांगोळी, फेटे बांधलेली माणसं, अत्तरदाणी घेतलेल्या पोरी.

बाई आजऱ्याच्या बाजूला घरभेटींना गेल्या होत्या. मी फोन लावला. सगळं सांगितलं.

"मग विचारा ना त्यांना," बाई म्हणाल्या.

"आज? लग्नाच्या दिवशी?"

"विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणाले तर नाही. शब्द तुम्ही दिलाय, तुम्हीच ठरवा." आणि रेंज गेली.

सिस्टर जयमाला म्हणाली, "सर, दुपारपर्यंत थांबू या का? लग्न लागलं की लोक जेवायला बसतील. मग पुढनं नेता येईल."

थांबता आलं असतं. गाडीवाल्याला सांगितलं असतं तर तोही थांबला असता. पण वॉर्डात मयत, दारात लग्न, आणि मध्ये मी. केव्हा एकदा हे निस्तरतो असं झालं होतं. गाडी बोलावली, ती सव्वाअकराला मागच्या गल्लीत येऊन उभी राहिली.

शालननं मान खाली घालून विचारलं, "सायेब, मावशीनं तुमास्नी सांगितलं हुतं न्हवं, पुढनं..."

"अगं, बाहेर बघ की," मी म्हणालो. "बघ तरी काय चाललंय."

तिनं बाहेर पाहिलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाली. आयुष्यभर 'बरं' म्हणायची सवय झालेल्या बाईचं ते 'बरं' होतं, आणि ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

मी स्वतः पुढचा दांडा धरला. स्वयंपाकघरावरून गेलो तेव्हा आचारीणबाईनं गॅस बारीक करून हात जोडले. धुण्याच्या दगडापाशी वळताना स्ट्रेचर अडकलं, ते तिरकं करून काढावं लागलं. गल्लीत एक कुत्रं तेवढं होतं. गाडीचं दार लागलं, शालन आणि तिचे दोघे दीर आत बसले, गाडी गेली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

मागच्या नळावर पाय धुताना माझ्या लक्षात आलं की बँड वाजत नाहीये. कधी थांबला कोण जाणे. मला वाटलं, मुहूर्त जवळ आला असेल. घड्याळ बघितलं तर साडेअकरा.

हात पुसत मी पुढं आलो. पुढचं फाटक उघडं होतं. दोन्ही पाखं सताड उघडून कुणीतरी त्यांना विटा लावल्या होत्या. फाटकात देशिंगकर उभे होते, रेशमी धोतर, वर कोट. त्यांच्या शेजारी वहिनी, हातात तांब्या आणि ताटात फुलं. मागं शारदानगरातल्या आठ-दहा बायका, सगळ्या जरीच्या साड्यांत. आणि मध्ये अनघा, पिवळी अष्टपुत्री नेसलेली, कपाळाला मुंडावळ्या. बँडवाले वाद्यं काखेत मारून भिंतीला टेकले होते.

"इंगवले, किती वेळ लागेल हो अजून?" देशिंगकरांनी हलक्या आवाजात विचारलं. "भटजी घड्याळ दाखवतायत. पण हिनं वाजंत्री बंद करायला लावली. हौसाक्काला नेल्याशिवाय वाजवायचं नाही म्हणते. आणि ही पोरगी ऐकेना, मला तिच्या पाया पडायचंय म्हणाली. तुमच्या आचारीणबाईनं मघाशी सांगितलं आम्हाला."

"नेलं," मी म्हणालो.

"नेलं? कुठनं? आम्ही इथं पंधरा मिनिटं उभे आहोत."

"मागनं."

 मग अनघानंच विचारलं, "मागनं का, काका?"

मी देशिंगकरांकडे पाहिलं. "आपलं ठरलेलं ना. पत्र दिलं होतं मी तुम्हाला."

"कुठलं पत्र?"

ते आव आणत नव्हते. चौकशीच्या खिडकीमागं तीस वर्षं काढलेल्या माणसाला आव कळतो. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. वहिनींनी हळूच सांगितलं, "अहो, ते नाही का, इमारत बांधताना..." तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

"ते होय! अहो, ते तेव्हाचं. तेव्हा आम्हाला तरी काय माहीत होतं तुमचं काम? मागल्या साली माझ्या मेव्हण्याला तुम्हीच हवेची गादी दिलीत की घरी. तुम्ही अजून ते धरून बसलायत?" ते थांबले. "एकदा विचारायचं तरी, इंगवले. मी नाही म्हणालो असतो का?"

 वहिनी ताटातल्या फुलांकडे बघत म्हणाल्या, "मी त्या दिवशी येतच होते." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला गोड बोलून काहीतरी सांगता आलं असतं.

अनघानं आमच्या रिकाम्या दाराकडे बघून नमस्कार केला. मग भटजींनी हाक मारली आणि सगळी परत मांडवात गेली. बँड बराच वेळ वाजला नाही. मी जेवायला गेलो नाही. बाई संध्याकाळी आल्या, म्हणाल्या, "विचारलंत?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि वॉर्डात निघून गेल्या.

त्या दिवसापासून 'सोबत'मधून जाणारा प्रत्येक माणूस पुढल्या दारानं गेला. आता आमच्या पंचवीस खाटा आहेत, दोन गाड्या आहेत. कुणी कधी हरकत घेतली नाही, आणि मला कुणाची परवानगीही मागावी लागली नाही.

पंधराव्या दिवशी भडगावला मीच गेलो. जयमाला जाते म्हणाली होती, पण मीच जातो म्हणालो. शालनची पाय धरून माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

सोप्यात भावकीतली सात-आठ माणसं बसली होती. भिंतीला टेकून गौराक्का. मी आत शिरताच शालन लगबगीनं पुढं आली आणि पाण्याचा तांब्या देता देता पुटपुटली, "सायेब, हितं म्या आन माज्या दिरांनी सांगितलंय, पुढल्या दारानं न्हेलं म्हनून. बँड थांबवून न्हेलं म्हनून सांगितलंय. मावशीनं समद्यास्नी सांगून ठेवलं हुतं वो, सायबानं शबूद दिलाय म्हनून. तुमी कायबी बोलू नगासा."

मी घोंगडीवर बसलो. गौराक्कानं हात चाचपडत पुढं केला. मी माझा हात दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

"तुमीच व्हय ते सायेब?"

"होय, आक्का."

"आमच्या हौशीला पुढल्या दारानं न्हेलंसा न्हवं?"

सोप्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शालन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"होय," मी म्हणालो. "पुढल्याच दारानं."

म्हातारीनं माझा हात उचलून कपाळाला लावला. म्हणाली, "लई पुन्य लागंल तुमास्नी."